आण्णांची दुसरी डिस्क

‘थांब, लावू नकोस,’ मुल्लासर म्हणाले. ‘आधी ते मागचं बटण खाली कर.’

डिस्क माझ्या हातात होती. आण्णांच्या मोठ्या रुमालात गुंडाळून मी ती त्यांच्या फोटो स्टुडिओतून आणली होती. सरांच्या घरी टेबलावर डिस्क उभी खोचायचा एक स्टँड होता आणि त्याच्या पाठीमागे बोटाएवढं बटण. ते खाली केलं की डिस्क वाचता येते, तिच्यावर काही लिहिता येत नाही.

मी बटण खाली केलं.

‘हां. गेलेल्या माणसाच्या डिस्कवर आपण एक अक्षर लिहायचं नाही. जित्या माणसाच्या डिस्कवर लिहायचं तर त्याला विचारून. माझे दोनच नियम आहेत. तुझ्या बापानं दोन्ही कधी पाळले नाहीत.’

‘त्यो कुणाचंच ऐकायचा न्हाई,’ आक्का खाटेवरून म्हणाली. ती आण्णांची थोरली बहीण. मी एकटीनं जाऊ नये म्हणून ती माझ्याबरोबर आली होती, आणि मी जाऊच नये म्हणून वाटभर बोलत आली होती.

सर आयटीआयमध्ये कॉम्प्युटर शिकवत होते. विट्यात लिनक्स आणलं ते त्यांनी, आणि आण्णांच्या स्टुडिओत घातलं तेही त्यांनीच. गिऱ्हाइकं आपापले पेनड्राइव्ह घेऊन यायची, त्यातून व्हायरस यायचा आणि दर महिन्याला आण्णांचा कॉम्प्युटर आडवा व्हायचा. सरांनी एकदा विंडोज पुसून त्याच्या जागी लिनक्स बसवलं. आण्णांनी आठवडाभर त्यांना शिव्या दिल्या. पुढे मात्र जो येईल त्याला ते लिनक्सचे गुण सांगत बसायचे.

ज्या दुपारी आण्णा गेले त्या दुपारी विट्यात वीज गेली होती. ते स्टुडिओतून उठून बाहेर पायरीवर येऊन बसले. शेजारच्या कापडवाल्याकडे त्यांनी पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत ते भिंतीला टेकलेले होते आणि पाणी आलं तेव्हाही तसेच टेकलेले होते. वीज परत आली ती जोरात आली असावी, कारण कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळला. गाळा महिनाअखेर रिकामा करायचा होता. मी बाकी सगळं विकायला काढलं आणि कॉम्प्युटरमधली दुसरी डिस्क तेवढी बाजूला ठेवली.

मला तिच्यातला एक फोटो हवा होता. आई गेली त्या दिवशीचा.

‘दिसतेय,’ सर स्क्रीनकडे बघत म्हणाले. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं पळत होती. ‘डिस्क दिसतेय, साइज बरोबर आहे, पार्टिशन दिसतंय. आता माउंट करू, म्हणजे आतलं दिसेल.’

त्यांनी कमांड दिली. खाली एक ओळ उमटली आणि कर्सर परत लुकलुकायला लागला.

‘नाही म्हणते.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे आहे, पण उघडत नाही. केबल असेल.’

केबल नव्हती. सरांनी दुसरी केबल लावली, मग दुसरा पोर्ट, मग कपाटातून जुना लॅपटॉप काढून त्याला लावून बघितलं. डिस्कची तब्येत तपासायचा एक प्रोग्रॅम चालवला. तब्येत ठणठणीत निघाली. प्रत्येक वेळी ते माउंट करायचे आणि प्रत्येक वेळी तीच ओळ यायची.

‘आण्णाचीच हाय,’ आक्का म्हणाली. ‘न्हाई म्हटलं की न्हाई.’

‘आक्का, तुम्ही जरा गप बसता का?’

‘मी काय डिस्कमदी बसलीय?’

सरांच्या बायकोनं, शमीमचाचींनी, आतून हाक मारली म्हणून आक्का उठून गेली. सरांनी चष्मा पुसला. मग ते म्हणाले, ‘आपण सारखं माउंट-माउंट करतोय. आत काय बोलणं चाललंय ते बघितलंच नाही.’ त्यांनी आणखी एक कमांड दिली. पानभर ओळी वर सरकल्या. शेवटच्या दोन ओळी त्यांनी स्क्रीनला नाक लावून वाचल्या आणि खुर्चीत मागे रेलून हसायला लागले.

‘काय झालं?’

‘बटण मीच खाली करायला लावलं आणि मीच सकाळपासून केबली बदलतोय. डिस्क म्हणतेय, मला आधी काहीतरी लिहायचंय, आणि तुम्ही लिहू देत नाही. मग मी उघडणार नाही.’

‘तिला काय लिहायचंय?’

सरांनी शिकवायचा आवाज लावला. डिस्कवर काही करायचं झालं, ठेवायचं, बदलायचं, पुसायचं, तर ती आधी काय करायचं ते एका कोपऱ्यात टिपून ठेवते. मग ते करते. टिपण झालं आणि काम व्हायच्या आत वीज गेली, तर पुढच्या वेळी उघडताना ती ते राहिलेलं काम आधी उरकते. त्याशिवाय कोणाला आत घेत नाही.

‘म्हणजे आण्णांनी तिला काहीतरी सांगितलं होतं,’ मी म्हटलं.

‘सांगितलं आणि वीज गेली.’

‘मग बटण वर करा. होऊ दे तिचं काम.’

सरांचा हात स्टँडपर्यंत गेला. तिथं थांबला आणि परत आला.

‘नको,’ ते म्हणाले. ‘आधी जशीच्या तशी नक्कल काढू. मग नक्कल उघडू. तिच्यावर काय लिहायचं ते लिहू दे तिला. मूळ डिस्कला हात नाही. वेळ लागेल, जेवून घ्या.’

जेवताना आक्कानं परत तोच विषय काढला.

‘कशाला पायजे तुला त्यो फोटू? तुझी आय हसती-बोलती डोळ्यापुढं हाय, ती ऱ्हाऊ दे की तशीच.’

‘मला बघायचाय.’

‘त्यानं दाखवला न्हाई म्हंजी काय कारण असंल का न्हाई?’

‘काय कारण?’

‘ते मला काय म्हाईत? मला इचारून त्यानं कधी काय केलंय?’ तिनं भाकरीचा तुकडा मोडला. ‘अगं, ऊन किती हुतं त्या दिवशी. मे महिना. तू तिकडं कुठं त्या…’

‘शिलाँगला.’

‘तितं. ठेवायचं किती येळ?’

मी शिलाँगला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते तेव्हा. आण्णांचा फोन आला तो सगळं झाल्यावर. ‘आई गेली,’ ते म्हणाले. ‘पहाटे. उरकलं आता. तू घाईनं येऊ नकोस, नीट ये.’ मी विचारलं, थांबायचं नव्हतं का? ते म्हणाले, ‘नाही.’ मी घरी पोचले तेव्हा ओटीवर पणती तेवत होती आणि आण्णा दाराशी दाढी वाढवून बसले होते. पुढे काही दिवसांनी मी त्यांना फोटो मागितला. फोटो काढलेला असणार हे मला माहीत होतं; गावात कोणाकडेही असं झालं तरी ते काढायला जात, मग स्वतःच्या घरात कसा काढला नसेल? ते म्हणाले, ‘आहे. पण तू बघायचा नाहीस.’ नंतरच्या वर्षांत मी अधूनमधून मागत राहिले. त्यांचं उत्तर बदललं नाही आणि मी एकदाही कारण विचारलं नाही. आमच्याकडे अशी पद्धत नव्हती.

जेवण झाल्यावर आक्का घरी झोपायला गेली. जाताना दारातून म्हणाली, ‘मिळाला तर मला दाखवू नगंस.’

नक्कल झाली तेव्हा उन्हं उतरली होती. सरांनी ती माउंट केली आणि या वेळी कर्सर काही न बोलता खाली आला.

‘उघडली.’

आत आडनावांचे फोल्डर होते. ओळीनं सगळा तालुका. आण्णांनी लग्नांची वेगळी डिस्क केली होती. ही दुसरी डिस्क घरात कोणी गेल्यावर काढलेल्या फोटोंची. सरांना ते माहीत नव्हतं. पहिलाच फोल्डर उघडल्यावर ते ‘अरे’ म्हणून थांबले.

मग मी त्यांना समजावून सांगितलं, कारण ते काम मी लहानपणापासून बघितलं होतं. विट्याची आणि आसपासच्या गावांची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. घरोघरी कोणीतरी कोइमतूरला, कोणी गुंटूरला, कोणी त्रिचूरला. म्हातारं माणूस गेलं की सगळे काही वेळेवर पोचत नाहीत. पण आंघोळ घालून, कुंकू-बुक्का लावून, सगळ्यांनी भोवती बसून एक फोटो काढायची रीत होती आणि तो फोटो घरात लागायचा. आण्णा कॅमेरा घेऊन गेले की ‘कोण गेलं’ हे विचारत नसत. विचारत, ‘कोण यायचंय?’ गुंटूरचा मुलगा यायचाय असं कळलं की म्हणत, ‘मग त्याची जागा सोडा.’ माणसं सरकून बसत. मधे एका माणसाची जागा मोकळी राही, आणि तसा फोटो निघे.

‘आणि मग?’

‘तो आला की स्टुडिओत यायचा. आण्णा त्याला पांढऱ्या पडद्यासमोर जमिनीवर बसवायचे. उजेड त्या घरातल्यासारखा लावायचे. जरा डावीकडे बघा म्हणायचे, कारण त्या बाजूला आई किंवा वडील असायचे. मग कॉम्प्युटरवर त्याला त्या जागेत बसवायचे.’

‘आणि लोकांना चालायचं?’

‘लोकच सांगायचे. पुढच्या पिढीत कोणाला माहीतही नसतं. तो तिथंच होता असं सगळे म्हणतात. काही दिवसांनी तोही म्हणतो.’

सरांनी एक फोल्डर उघडला, बंद केला. एकाच घराचे दोन फोटो असायचे. एकात मोकळी जागा, दुसऱ्यात तिथं माणूस. मी शिंत्रे हा आमचा फोल्डर उघडला. त्यात आजोबा होते, एक चुलतकाका होते, आजोळची एक मावशी होती. आई नव्हती. मी सगळी डिस्क तिच्या नावानं शोधायला लावली. काही सापडलं नाही.

‘नाहीये,’ मी म्हटलं.

‘म्हणजे त्यानं काढलाच नसेल.’

‘काढलाय. आहे म्हणाले होते.’

सर एकदम ताठ झाले. ‘वैजू, ही नक्कल आपण उघडली तेव्हा तिनं ते राहिलेलं काम आधी उरकलं. बरोबर? आता मूळ डिस्क उघडू. पण तिला सांगायचं, तुझं टिपण वाचू नको, आहे तसं दार उघड. तसंही उघडता येतं.’

बटण खालीच होतं. त्यांनी कमांडच्या शेवटी एक शब्द वाढवला आणि डिस्क उघडली. तेच फोल्डर, तीच आडनावं. शिंत्रेमध्ये आजोबा, काका, मावशी. आणि एक फोल्डर जास्त होता. त्याचं नाव ‘इंदू’.

आईला आण्णा इंदू म्हणत. इंदुमती फक्त रेशन कार्डावर होतं.

सरांनी माउसवरून हात काढून घेतला.

‘त्या दुपारी त्यानं हे पुसलं,’ ते म्हणाले. ‘चुकून नाही. कचरापेटीतही टाकलं नाही, सरळ पुसलंय. डिस्कनं टिपून घेतलं आणि वीज गेली. नाहीतर आज हे आपल्याला दिसलंच नसतं.’ ते उठले. ‘मी चहाचं बघतो. बघायचं का नाही ते तुझं तू ठरव. मला विचारू नकोस.’

ते आत गेले. भांड्यांचा आवाज आला. मी फोल्डर उघडला.

पहिला फोटो मूळचा होता. आमच्या घरातली मधली खोली. जमिनीवर सतरंजीवर आई. हिरवी साडी, जी तिला जड होते म्हणून ती कधी नेसायची नाही. कुंकू जरा वर लागलं होतं आणि तोंड थोडं उघडं राहिलं होतं. दुपारी झोपली की राहायचं तसंच. पलीकडे भिंतीला टेकून आक्का आणि माझे दोन चुलतभाऊ. उशाशी आण्णा, टायमर लावून धावत येऊन बसलेले, एक गुडघा अजून टेकायचा होता. आण्णा आणि आक्का यांच्यामध्ये एका माणसाची जागा होती. आक्का अगदी कोपऱ्यात दाबली गेली होती, इतकं तिला सरकवलेलं होतं.

मी बराच वेळ आईकडे बघितलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती लहान दिसत होती.

पुढच्या फोटोत त्या जागेवर मी होते.

पदवीदान समारंभातली मी, काळ्या झग्याच्या वरची मान तेवढी घेतलेली आणि खाली कोणाची तरी साडी. चेहरा डावीकडे वळवलेला. हसत होते. पुढच्या फोटोत चुलतभावाच्या लग्नातली मी. हसत होते. त्याच्या पुढच्यात पन्हाळ्याच्या सहलीतली, वाऱ्यानं केस उडालेली. केस त्यांनी एकेक करून बसवले होते. तिथंही दात दिसत होते. असे पुष्कळ होते. फाइलींवर तारखा होत्या. पहिले आई गेली त्याच महिन्यातले. मग मधूनमधून, एखाद्या वर्षी एकही नाही, एखाद्या वर्षी लागोपाठ. मी त्या सगळ्या वर्षांत विट्याला येत-जात होते. स्टुडिओत जाऊन बसत होते. पांढरा पडदा तिथंच असायचा. त्यांनी मला एकदाही त्याच्यासमोर बस म्हटलं नाही.

फोटोत मी हसत नाही असं कधी बघितल्याचं मला आठवत नाही. कॅमेरा त्यांच्या हातात असायचा आणि मी हसेपर्यंत ते बटण दाबायचे नाहीत.

नंतरच्या फोटोंत ते हसू घालवायच्या मागे लागलेले दिसत होते. एकात तोंडाचे कोपरे खाली ओढलेले. त्यात मी रागावलेली दिसत होते. एकात ओठांवर सावली टाकलेली. एकात तोंडाशी पदर आणला होता, पण पदर धरणारा हात दुसऱ्या कोणाचा तरी होता, बांगड्या भरलेला, आणि तो आण्णांनाही पटला नसावा, कारण ते काम अर्ध्यावर सोडलेलं होतं.

शेवटच्या फाइलीवर त्या दुपारची तारीख होती.

त्यात मी डावीकडे, खाली बघत होते. केस नीट होते. अंगावरची साडी माझ्याच मापाची वाटत होती. उजेड बरोबर होता. तोंड मिटलेलं होतं. काही खटकत नव्हतं. कोणालाही दाखवला असता तर तो म्हणाला असता, ही इथंच होती. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. तेव्हा कळलं की ओठ माझे नाहीत. खालचा ओठ जरा पुढे, डाव्या कोपऱ्याशी तीळ. ते आईचे होते, कुठल्यातरी जुन्या फोटोतून घेतलेले. आईला फोटोत हसायला आवडत नसे.

मी परत पहिला फोटो उघडला, मग परत शेवटचा.

सर चहा घेऊन आले. त्यांनी कप ठेवला आणि स्क्रीनकडे पाठ करून बसले.

‘मिळाला?’

‘हो.’

‘तोच?’

‘तोच.’

‘पेनड्राइव्हवर घालून देतो. तुझ्याकडे आहे का, का मी देऊ?’

मी चहा प्यायले. साखर जास्त होती; सरांनी स्वतः केला होता.

‘सर, ही डिस्क नेहमीसारखी लावली तर?’

‘म्हणजे बटण वर करून?’

‘हो.’

‘तर ते राहिलेलं काम ती पूर्ण करेल. हा फोल्डर जाईल.’

‘नकलेतनं तर गेलाच आहे.’

‘गेलाच आहे. हा एवढाच.’ ते माझ्याकडे वळले. ‘सगळं नको असलं तर राहू दे. आईचा एक तेवढा ठेव की. मूळचा. त्यासाठीच आली होतीस ना?’

‘बघितला मी.’

‘बघितलास, पण उद्या परत बघावासा वाटला तर?’

‘वाटेल,’ मी म्हटलं. ‘आण्णांना पण वाटलं असेल. तरी त्यांनी पुसला.’

‘अगं, त्याला त्या वेळी बरं वाटत नव्हतं. माणसाच्या डोक्यात काय येतं…’

‘सर, तुम्हीच म्हणालात. चुकून नाही.’

त्यांनी हनुवटी खाजवली. ‘माझा नियम आहे, गेलेल्या माणसाच्या डिस्कवर लिहायचं नाही.’

‘आपण कुठं लिहितोय? त्यांनीच सांगितलेलं आहे तिला.’

सरांनी फोटोची खिडकी बंद केली, स्क्रीनकडे न बघता. डिस्क उतरवली. स्टँडमधून काढून क्षणभर हातात धरली, मग परत खोचली. बटण वर करायला त्यांनी मला खूण केली, आणि मी केलं.

त्यांनी साधी कमांड दिली, सकाळपासून जी चालत नव्हती ती. स्टँडवरचा हिरवा दिवा दोनतीनदा लवलवला आणि स्थिर झाला. कर्सर खाली आला. सरांनी शिंत्रे उघडून दाखवलं. आजोबा, काका, मावशी.

‘झालं?’ मी विचारलं.

‘झालं.’

‘इतक्यात?’

‘हो,’ सर म्हणाले. ‘थोडंच राहिलं होतं.’